दोम्लांच्या दाढीचे तीन केस

आमच्या मर्गिलान गावात लग्नघरचा पुलाव उजाडायच्या आत शिजतो आणि उन्हं तापायच्या आत संपतो. पुरुषमंडळी पहाटे पाचला येतात, यजमानाला आणि नवऱ्या मुलाला मिठी मारतात, पुलाव खातात, हात पुसतात आणि तशीच आपापल्या कामाला निघून जातात. एर्गश-अकांच्या मुलाच्या लग्नात असे सव्वाचारशे पुरुष जेवून गेले. सकाळी नऊच्या सुमाराला त्यातले निदान तीनशे गुलाबी झालेले होते.

हे कसं झालं ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण ज्या डब्यामुळे झालं तो शिडीवर चढून मीच खाली काढला होता.

मी मुकंबर. इस्पितळाच्या मागे तुतीच्या झाडाखाली जी बैठी इमारत आहे, तिथे मी सोळा वर्षं काम करते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो आम्ही फॉर्मलिनमध्ये मुरवतो, स्पिरिटमधून फिरवून त्यातलं पाणी काढतो, मेणात बसवतो. मग मी यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते आणि हॉसियत-ओपा, म्हणजे आमच्या थोरल्या ताई, ते काचपट्टीवर रंगवतात. पेशीच्या गाभ्याला निळा, बाकी सगळ्याला गुलाबी. गुलाबी रंगाचं नाव इओसिन. शेवटी निझामिद्दीन डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळा लावतात आणि म्हणतात, "हॉसियतखोन, गुलाबी जरा जास्तच झालं." ओपा म्हणतात, "भिंग पुसून बघा." बावीस वर्षं दोघांचं हेच चाललंय.

एर्गश-अका हे ओपांचे थोरले भाऊ; अका म्हणजे आमच्याकडे दादा. धंदा रेशीम रंगवायचा. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात हौद, चुली आणि रंगीत कोपरांची माणसं. एप्रिलमध्ये ते बहिणीला लग्नाचं बोलावणं द्यायला प्रयोगशाळेत आले आणि दारातच थबकले. खुंटीवर ओपांचा जुना एप्रन टांगला होता. त्याच्या बाहीवर इओसिनचा डाग, आणि त्याच्यावर नेमकं खिडकीतलं ऊन.

"हा रंग कुठला?" अका म्हणाले.

"आमच्या कामाचा."

"कडेला हिरवी झाक मारतोय बघ! गुलाबी रंग हिरवा चमकतोय! चाळीस वर्षं रंगात हात घातलेत मी, असं कधी बघितलं नाही. इख्तियोरचा लग्नातला झगा मी ह्याच रंगात रंगवणार."

"अका, हा रंग काचेवर लावायचा असतो, नवऱ्या मुलाला नाही."

"तू मांसाला लावतेस ना? मग नवरा मुलगा कशाचा केलाय?"

ओपांनी महिनाभर नाही म्हटलं. अका दर आठवड्याला येत, कधी जर्दाळू घेऊन, कधी खरबूज घेऊन, आणि एप्रनपुढे उभे राहून सुस्कारे सोडत. शेवटी ओपा म्हणाल्या, "मुकंबर, वरच्या फळीवर तो जुना डबा आहे ना, वापरातून काढलेला, गोळे झालेला? देऊन टाक यांना. नाहीतर एप्रनच पळवतील."

मी शिडीवर चढले. डबा सोव्हिएत जमान्यातला होता, झाकण उघडायला हातोडी लागली. ओपांनी भावाला बजावून सांगितलं, "व्हिनेगर घालून उकळा, म्हणजे रेशमावर बसेल. पण बसला तरी भरवसा नाही. साबण लागला की सुटतो. स्पिरिट लागलं तर पळतच सुटतो. ऐकताय ना?"

"नवरा मुलगा पीत नाही," अका म्हणाले, "आणि लग्नात त्याला साबण कोण लावणार?"

डबा बगलेत मारून ते निघून गेले.

झगा अप्रतिम झाला होता, हे मी स्वतः पाहिलंय. अकांनी तो अंगणात वाळत घातला तेव्हा शेजारपाजारच्या बायका भिंतीवरून माना काढून बघत होत्या. पाण्याचे शिंतोडे मारून बघितले, रंग हलला नाही. पांढऱ्या फडक्याने घासून बघितला, फडकं पांढरंच राहिलं. अकांनी फडकं आम्हाला दाखवायला मुद्दाम पाठवलं.

जूनमधला गुरुवार उजाडला. आंदिजानहून नवऱ्या मुलाचे मामा आले होते आणि त्यांनी आहेर म्हणून आणली होती कोलोनची बाटली, साधी नव्हे, खरबुजाएवढी, दाबायचा रबरी फुगा लावलेली. मामा पहाटे पाच वाजता फाटकाशी नवऱ्या मुलाच्या शेजारी उभे राहिले आणि दर पाहुण्याच्या स्वागताला त्यांनी भाच्याच्या छातीवर एक एक फवारा मारायला सुरुवात केली. कोलोन म्हणजे दुसरं काय, सुगंधी स्पिरिटच.

आता फाटकावर मिठ्या कशा असतात ते काय सांगायचं! उजवा गाल, डावा गाल, छातीला छाती, पाठीवर दोन थापा. पहाटेच्या अंधुक उजेडात कुणाला काही दिसलं नाही. मंडळी पुलाव खाऊन पांगली. प्रत्येकाला वाटलं, शेजारचा जरा लालबुंद दिसतोय, पुलावात चरबी जास्त झाली असेल.

साडेआठला मी कामावर आले तेव्हा निझामिद्दीन डॉक्टर आधीच खुर्चीत बसले होते. एप्रनची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तोंडाला मास्क, आणि वरून जबड्याभोवती टॉवेल गुंडाळून डोक्यावर गाठ मारलेली, सशाच्या कानांसारखी.

"काय झालं, डॉक्टर?"

"दाध," ते टॉवेलातून म्हणाले.

"दाढ?"

"हां. दाध."

ओपांनी मायेने लवंग आणून दिली. त्यांनी ती मास्कच्या खालून आत सरकवली, पण मास्क काढला नाही.

"पुलावाला गेला होतात?" ओपांनी विचारलं.

डॉक्टरांनी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून. ते आम्हाला पटलंही, कारण डॉक्टर आणि एर्गश-अका नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण पक्ष्यावरून. अकांनी डॉक्टरांना गाणारा लावा म्हणून एक पक्षी दिला. डॉक्टरांनी त्याला पोखरलेल्या भोपळ्याच्या पिंजऱ्यात टांगलं, भिजवलेली बाजरी खायला घातली, तीन महिने कान लावून बसले. चौथ्या महिन्यात लाव्याने अंडं घातलं. त्यावर अकांनी चहाखान्यात सगळ्यांसमोर म्हटलं की, ज्या माणसाला एवढीशी पेशी ओळखता येते त्याला अख्खी लावी ओळखता आली नाही. ते डॉक्टरांना लागलं ते लागलंच. लग्नाचं बोलावणं ओपांनी दिलं तेव्हासुद्धा ते म्हणाले होते, "आलो तरी पुलावासाठी येईन. त्या माणसाला सलाम करणार नाही."

सव्वानऊला इस्पितळाच्या मुख्य इमारतीत आरडाओरडा सुरू झाला. पहिल्यांदा आला वाहतूक पोलीस. चौकात उभा असताना एका गाडीवाल्याने त्याला सांगितलं की तुमचे कान गुलाबी झालेत. मग शाळेचे मुख्याध्यापक, मग जन्ममृत्यू नोंदणीचे कारकून, मग दोन न्हावी आणि त्यांची अर्धवट दाढी झालेली गिऱ्हाइकं. सगळ्यांचे गाल गुलाबी, गळे गुलाबी, तळवे गुलाबी. सगळ्यांना बाकी काही होत नव्हतं, पण एकमेकांकडे बघितल्यावर मळमळायला लागलं. मुख्य डॉक्टर मावजुदा-ओपा बाई करड्या, पण ताप नाही, पुरळ नाही आणि तरी माणूस गुलाबी, असं त्यांनीही कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी साथीच्या रोगांचा वॉर्ड रिकामा करायला लावला, जिल्ह्याला फोन केला आणि रोग कसला ते शोधून काढायला आमच्याकडे नमुना पाठवला.

नमुना एका बरणीत होता. वर चिठ्ठी: "अति तातडीचं. दोम्ला वालिखान. दाढीचे केस, नग तीन."

दोम्ला म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले मौलवी. त्यांची दाढी म्हणजे धुतलेला कापूस. गावात दुसरी तशी दाढी नाही. फॉर्मलिनच्या तळाशी तीन लांब केस पडले होते, डाळिंबाच्या फुलासारखे गुलाबी.

मागोमाग मावजुदा-ओपांचा फोन. "अर्ध्या तासात निकाल पाहिजे!"

"बाई, मेणात बसवायलाच दीड दिवस जातो," ओपा म्हणाल्या.

"दीड दिवसात अख्खं गाव गुलाबी होईल!"

फोन ठेवून ओपांनी बाह्या सरसावल्या. "मुकंबर, मोठ्या भोकांच्या डब्या नकोत, केस निसटतील. जाळीच्या कापडात बांध. सौम्य स्पिरिटपासून सुरू कर. घाई आहे म्हणून एकदम कडक स्पिरिटात टाकू नकोस, केस वाकडे होतील."

मी तीन केसांचं गाठोडं केलं, जपून, दोरा बांधून. कामात सोळा वर्षं झाली, पण इतका पवित्र ऐवज हाताखालून गेला नव्हता. गाठोडं पहिल्या काचेच्या भांड्यात सोडलं.

आणि भांड्यात गुलाबी धूर सुटला. पाण्यात सरबत ओतावं तशा रेघा खाली खाली उतरायला लागल्या. दोन मिनिटांत स्पिरिट गुलाबी झालं. मी गाठोडं उचलून बघितलं. आत तीन पांढरेशुभ्र केस.

"ओपा," मी म्हटलं, "रोग बरा झाला."

ओपा आल्या. भांडं उचलून त्यांनी खिडकीतल्या उन्हात धरलं. कडेला हिरवी झाक चमकली. ओपांनी भांडं अगदी हळू खाली ठेवलं आणि स्टुलावर बसल्या.

"मुकंबर," त्या म्हणाल्या, "हे इओसिन आहे."

"आपलं?"

"गावात दुसऱ्या कुणाकडे असणार? फोन लाव माझ्या भावाला."

एर्गश-अकांनी फोन उचलला तो आनंदातच. "हॉसियत! अगं काय गर्दी, काय गर्दी! पुलावाचा दाणासुद्धा उरला नाही, तुझ्यासाठी लपवून ठेवलाय तेवढाच!"

"अका, आरशात बघितलंत?"

"सकाळपासून वेळ कुठे?"

"आत्ता बघा."

पावलं वाजली. मग लांबून अकांचा आवाज आला, "इख्तियोर! इकडे ये बाळा! अरे देवा! मामा! अहो, ती बाटली खाली ठेवा!"

ओपा तडक मावजुदा-ओपांकडे गेल्या. मी सोबत होते, धीर द्यायला. खरं म्हणजे शिडीवर कोण चढलं होतं हा प्रश्न निघाला तर पळायला. ओपांनी काही लपवलं नाही. डबा मी दिला, ताकीद दिली होती पण डबाही मीच दिला, असं उभ्या उभ्या सांगून टाकलं. मावजुदा-ओपांनी डोळे मिटले.

"म्हणजे मी जिल्ह्याला काय सांगू? साथीचं नाव काय?"

"लग्न," ओपा म्हणाल्या.

मावजुदा-ओपा हसल्या नाहीत, पण खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाल्या, "तुम्ही रंगवलेत, तुम्हीच उतरवा. दुपारपर्यंत मला अंगणात सगळे मूळ रंगात पाहिजेत."

तुतीखाली आम्ही बाक मांडला आणि त्यावर ओळीने तीन तसराळी. पहिल्यात सौम्य स्पिरिट, दुसऱ्यात थोडं कडक, तिसऱ्यात साधं पाणी. कापसाचे बोळे. रांग फाटकाबाहेर गेली. ओपा माणसांनाही काचपट्ट्यांच्याच शिस्तीने वागवत होत्या.

"पुढचा! हनुवटी वर. मुख्याध्यापक, तोंड मिटा, हे प्यायचं नाहीये."

"वास तर ओळखीचा येतोय," मुख्याध्यापक म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय. न्हावीभाऊ, रांग मोडू नका. पहिल्या तसराळ्यातनं झाल्याशिवाय दुसऱ्यात हात घालायचा नाही. मुकंबर, पोलिसाचे कान अजून दोन मिनिटं."

पोलिसाचे कान आडमुठे निघाले. मी बोळ्याने घासत होते आणि तो विचारत होता, "ताई, कायमचं तर नाही ना? माझं ठरायचंय अजून."

दोम्ला वालिखान आले तेव्हा रांगेने आपोआप वाट करून दिली. गुलाबी दाढी छातीवर, चेहरा गंभीर. ओपांनी बोळा भिजवला. दोम्लांनी नाक फुगवून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरले.

"बेटी, तू मला दारूने धुणार?"

"दोम्ला, हे औषधी आहे."

"आंदिजानवालाही म्हणत होता, सुगंधी आहे."

ओपांनी क्षणभर विचार केला. मग मला म्हणाल्या, "कपडे धुवायचा काळा साबण आण. आणि सोडा." साबणानेही हा रंग सुटतो, फक्त वेळ लागतो. दोम्ला झाडाखाली खुर्चीवर दीड तास बसले, मांडीवर तसराळं, आणि स्वतःची दाढी स्वतः चोळत राहिले. मधूनमधून म्हणत, "माझे तीन केस परत मिळतील ना?" मी ते कागदात गुंडाळून आणून दिले. त्यांनी पाकिटात ठेवले.

बाराच्या सुमाराला रांग संपली. ओपा हात पुसत आत आल्या. निझामिद्दीन डॉक्टर तसेच बसले होते, टॉवेलातून घाम गळत होता. चाळीस अंशांचा उकाडा, आणि गळ्यापर्यंत बटणं.

"डॉक्टर, दाढ बघू."

"नको."

"सूज आली असेल."

"उतरतेय."

ओपांनी सरळ मागून टॉवेलाची गाठ सोडली. टॉवेल खाली पडला, मास्क सरकला, आणि डॉक्टरांचा डावा गाल गुलाबाच्या पाकळीसारखा उजळला.

"इओसिनचं भांडं सांडलं अंगावर," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. जीभ एकदम स्वच्छ चालायला लागली होती. "सकाळी लवकर आलो, म्हटलं जरा रंग बघावा, तर कोपर लागलं."

ओपांनी मोरीकडे बोट केलं. भांडी सगळी रॅकवर पालथी होती. आदल्या दिवशीच आम्ही जुने रंग ओतून, घासून ठेवले होते. नवा रंग अजून बनवायचा होता.

"एप्रन काढा," ओपा म्हणाल्या.

"हॉसियतखोन, मी तुमचा वरिष्ठ आहे."

"काढा म्हणते."

त्यांनी काढला. आत पांढरा शर्ट, घामाने चिकटलेला, आणि पाठीवर दोन गुलाबी पंजे, चांगले पसरून मारलेले. ओपांनी चष्मा लावला. उजवा पंजा पाच बोटांचा. डाव्या पंज्यात चार बोटं पूर्ण, आणि करंगळी अर्धी.

मर्गिलानमध्ये डाव्या हाताची करंगळी अर्धी असलेला एकच माणूस मला माहीत आहे. लहानपणी मागात सापडून तुटली होती त्यांची.

"तुम्ही माझ्या भावाला मिठी मारलीत," ओपा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी बोळे गोळा करायचे सोडून बघत राहिले.

"मी नाही!" डॉक्टर उसळले. "मी फाटकाकडे फिरकलोसुद्धा नाही. मागच्या गल्लीने कढईपाशी गेलो. म्हटलं, खाऊन निघून जावं. तिथे तो आला. पोराच्या लग्नात त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला बघून तिथेच उभा राहिला. मग... झालं. पण पहिल्यांदा त्याने मारली. मी फक्त त्याला ढकललं नाही."

"कुणी पहिल्यांदा मारली?" दारातून आवाज आला.

एर्गश-अका. डोक्यावर झाकलेलं मोठं ताट, मागे पुलावाचा वास. सगळा चेहरा, मान, हात, अगदी पापण्यासुद्धा गुलाबी. ते रांगेत उभे राहायला आले होते आणि रांग संपली होती.

"खोटं बोलतोय हा," अका म्हणाले. "मी मीठ बघायला कढईपाशी गेलो, तर हा पाठमोरा उभा राहून खात होता. मी नुसता खाकरलो. वळला आणि कोसळलाच माझ्या अंगावर."

"मी कोसळलो? मी?"

"पाठ दाखवू?" असं म्हणून अका वळले. त्यांच्या निळ्या झग्यावर मधोमध तेलाचे दोन पंजे होते, आणि एका पंज्यात गाजराची काडी आणि भाताची तीन शितं वाळून चिकटली होती.

डॉक्टर उठून जवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांचा कामाचा आवाज लागला. "मुकंबर, ब्लेड आण. ह्या झग्याचा एक सेंटिमीटर तुकडा, तेलाच्या कडेचा. आणि माझ्या शर्टाचा एक. गुलाबी तेलाच्या खाली आहे की वर, ते आडवा काप घेतला की एका मिनिटात कळेल. मग ठरेल पहिली मिठी कुणाची."

"माझ्या झग्याला हात लावायचा नाही!" अका मागे सरले. ताट डुगडुगलं.

"घाबरलास ना?"

"घाबरतो कुणाला? मेणात बसव हवं तर. पण लग्नाच्या झग्याला नवऱ्या मुलाचा बाप भोक पाडून घेईल?"

"विज्ञानापुढे बाप वगैरे काही नसतं!"

ओपांनी अकांच्या डोक्यावरचं ताट काढून घेतलं, डॉक्टरांच्या हातात काळ्या साबणाची वडी दिली आणि दोघांनाही दाराबाहेर केलं. "तुतीखाली बसा. आधी धुवा, मग खा. भांडण बाहेर करा, आमचे मेणाचे पंचवीस ठोकळे कापायचे राहिलेत."

दार लावून आम्ही कामाला बसलो. ओपांनी नवं इओसिन तोललं, मी यंत्र सुरू केलं. बाहेर बराच वेळ "तू," "नाही, तू," चाललं होतं. मग ते बंद झालं. मला वाटलं मारामारी झाली की काय, म्हणून मी पडदा बाजूला करून बघितलं.

दोम्ला वालिखान उरलेल्या तसराळ्याशेजारी डुलक्या घेत होते, दाढी परत कापसासारखी. बाकावर डॉक्टर डोळे घट्ट मिटून, मान वर करून बसले होते, आणि एर्गश-अका त्यांच्या गालावर साबण चोळत होते, रेशीम धुताना चोळतात तसा, दोन बोटांनी, गोल गोल.

"हलू नकोस रे," अका म्हणत होते. "डोळ्यात जाईल."